पावसाळ्याआधी घरातील कागदपत्रांची तजवीज : तुमच्याकडे काय पद्धत आहे?

वाशिष्ठीकाठ | ८ मे, रात्री ९.४०

मे उजाडला की कोकणातील घरांमध्ये आगोटीची बेगमी सुरू होते. घर शाकारून होते, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, तांदूळ, कुळीथ आणि सुकी मासळी डब्यांत भरली जाते. या धांदलीत घरातील कागदपत्रांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही, कारण ती वर्षभर कपाटात असतात आणि कपाटात आहेत म्हणजे सुरक्षित आहेत, असे आपण धरून चालतो.

चिपळुणात हा समज २२ जुलै २०२१ रोजी मोडला. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांच्यापैकी अनेकांनी त्या पुराची खूण मनात धरून सामान वर चढवले होते आणि बाजारपेठेच्या भागात पाणी त्या खुणेच्याही वर गेले. आमच्या आळीत पाणी ओसरल्यावर लोखंडी कपाटांची दारे पहारीने उघडावी लागली, कारण गाळ बिजागऱ्यांत आणि कुलपांत घट्ट बसला होता. आत खरेदीखते, ठेवींच्या पावत्या आणि मुलांच्या गुणपत्रिका यांचा एकच करडा लगदा झालेला असे. लोखंडी कपाट चोरापासून वाचवते; त्याच्या दाराला रबरी पट्टी नसते आणि तळाशी फट असते, त्यामुळे पाण्यापुढे त्याचा काही उपयोग नाही.

त्यानंतर ओळखीच्या काही कुटुंबांचे कागद पुन्हा जमवून देताना माझे एक मत झाले आहे. ‘कागद कुठे ठेवावा’ या प्रश्नाने आपण सुरुवात करतो. खरे तर ‘हा कागद गेला तर पुन्हा मिळेल का, कोणाकडून आणि किती खटपटीने’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. आधार, पॅन, शिधापत्रिका, वाहनाचे नोंदणीपत्र, गुणपत्रिका यांची मूळ नोंद दुसऱ्या कोणाकडे तरी असते. हे कागद गेले तर हेलपाटे पडतात, पण माणूस उघडा पडत नाही. उलट भावाभावांनी साध्या कागदावर केलेली वाटणी, नोंदणी न केलेले मृत्युपत्र, कुळाने भरलेल्या खंडाच्या पावत्या, बागेत जाणाऱ्या वाटेबद्दल शेजाऱ्याने लिहून दिलेली कबुली, हे कागद जगात एकुलते एक असतात. आमच्याकडची घरे पाहिली तर आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात देवघराजवळ जपलेले दिसते आणि वाटणीचा कागद विजेच्या बिलांच्या पिशवीत कोंबलेला असतो.

पुन्हा मिळणारे कागद हा पहिला गठ्ठा आणि एकुलते एक कागद हा दुसरा. तिसरा गठ्ठा आहे तो आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात हाताशी लागणाऱ्या कागदांचा. त्यात ओळखपत्र, बँकेचे पासबुक, घरातील वृद्धांची औषधांची चिठ्ठी, विमा असेल तर पॉलिसीचा क्रमांक आणि घराचा असेसमेंट उतारा (घरपट्टीची नोंद) इतके पुरते.

तुमच्याकडे काय करतात? रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या सदस्यांनी वादळाचा अनुभवही जरूर लिहावा, कारण माझा सगळा विचार पुराभोवती फिरतो आहे.

---

सुपारीबाग | ८ मे, रात्री १०.५५

पुराचा माणूस ‘वर ठेवा’ म्हणतो, आणि नेमके तेच आम्हाला नडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात पाणी खालून चढले नाही, ते वरून कोसळले. कौले आणि पत्रे उडाले आणि माळ्यावर ठेवलेल्या लाकडी पेटाऱ्यांवर थेट पाऊस पडत राहिला. माजघरातील खालच्या फडताळात ज्यांचे कागद होते, त्यांचे तुलनेने बरे निभावले.

दरडीच्या गावांची गोष्ट तर याहून वेगळी आहे. महाड तालुक्यातील तळीये किंवा खालापूरची इर्शाळवाडी डोळ्यांसमोर आणा. तिथे वर आणि खाली या शब्दांना अर्थच उरत नाही, कारण घरच जागेवर राहत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, घरातील जागा शोधण्यात डोके शिणवू नये. डबा स्वतः पाणी आत न घेणारा हवा, एका हाताने उचलून नेता येईल इतका लहान हवा, आणि त्यातील प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्या गावात हवी.

---

फेरफार_क्रमांक | ९ मे, सकाळी ७.१५

महसूल खात्यात नोकरी झाली असल्याने मी जमिनीच्या कागदांपुरते लिहितो.

सातबारा जिवापाड जपण्याची गरज नाही. घरातील सातबारा म्हणजे ज्या दिवशी तो काढला त्या दिवशीचा फोटो. त्यानंतर नोंदी बदललेल्या असू शकतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर पुन्हा तलाठ्याची (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सही लागत नाही. फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, तो कामकाजात चालत नाही. तेव्हा सातबाऱ्याऐवजी एका कागदावर गाव, तालुका, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर (जिथे गट आहेत तिथे गट क्रमांक) आणि ८अ चा (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींच्या उताऱ्याचा) खाते क्रमांक एवढे लिहून ठेवा. हा कागद हाताशी असेल तर उतारा कुठूनही काढता येतो.

मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील (म्हणजे सातबाऱ्यासारख्या दप्तरातील) नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण नोंद म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. त्या नोंदीच्या मागे खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा वारस फेरफार (वारसांची नावे लागल्याची महसुली नोंद) असतो आणि वाद उभा राहिला की तोच मागितला जातो. दस्त नोंदणीकृत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव, या तीन गोष्टी माहीत असल्या की प्रमाणित नक्कल मिळते. या तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या घरांचे काम सहज उरकते. ज्यांनी ‘आजोबांनी कधीतरी घेतली’ एवढ्यावर भागवले आहे, त्यांना नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची पाने उलटत बसावे लागते. जुने हस्तलिखित फेरफार आणि सातबारे अनेक तालुक्यांत स्कॅन झाले असून ‘आपले अभिलेख’वर पाहता येतात, आपले फेरफार तिथे आहेत की नाहीत हे आताच, ऊन असताना आणि वीज असताना, तपासून घ्यावे.

कोकणासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कूळ कायद्याचे ३२म प्रमाणपत्र. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (त्या दिवशी कसणारी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली) ज्या कुळांनी किंमत भरून जमीन घेतली, त्यांना हे प्रमाणपत्र मिळाले. कित्येक घरांत ते आजही मूळ घडीतच आहे आणि घडीच्या रेषेवर फाटत चालले आहे. त्याची प्रत अभिलेख कक्षात सापडू शकते, पण ‘शकते’ या शब्दात किती महिने मावतात, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

आणखी एक मुद्दा पंचनाम्याचा. आपल्याकडे बहुतेक सातबारे सामायिक असतात आणि निम्मे खातेदार मुंबईत असतात. नुकसानीची मदत एका नावावर घ्यायची तर इतरांची संमती मागितली जाते. हे संमतीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र गणपतीत सगळे गावी आले असताना करून ठेवले, तर पुढे वादळानंतर दहा जणांचे फोन लावत बसावे लागत नाही.

---

चाकरमानी | ९ मे, दुपारी १.२०

सर्वांचे म्हणणे वाचले. मला असे वाटते की आपण अजूनही कागदातच अडकलो आहोत. डिजिलॉकर ही दस्तऐवज ठेवण्याची सरकारी ऑनलाइन सेवा २०१५ पासून आहे. त्यात संबंधित खात्याने थेट दिलेले वाहन परवाना, आधार, गुणपत्रिका असे दस्तऐवज कायद्याने मुळाच्या बरोबरीचे मानले जातात. तशी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांत २०१७ मध्ये केली गेली. मी गावच्या घरातील सगळे कागद मोबाइलवर स्कॅन करून ठेवले आहेत. आई-वडिलांना आता कपाटाची काळजी करण्याचे कारण उरलेले नाही.

---

सुपारीबाग | ९ मे, दुपारी १.५०

निसर्गनंतर आमच्याकडे विजेचे खांब आडवे होते, मोबाइलचे टॉवर बंद होते आणि कित्येक गावांत हे अनेक दिवस चालले. त्या काळात पंचनामे सुरू झाले होते. डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो, ओटीपीला सिमकार्ड लागते, आणि मोबाइल चार्ज करायला वीज लागते. डिजिलॉकर ठेवाच, पण त्याच्या भरवशावर कागदाची प्रत टाकून देऊ नका. पुरात मोबाइल गेला तर पहिले काम दुसरे सिमकार्ड घेण्याचे, कारण बाकी सगळ्या किल्ल्या त्या क्रमांकाला अडकवलेल्या आहेत.

---

कोर्टाची_पायरी | ९ मे, दुपारी ४.०५

चाकरमानी यांच्या प्रतिसादातील एक फरक सर्वांनी नीट लक्षात घ्यावा. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेला दस्तऐवज वेगळा आणि आपण स्वतः फोटो काढून चढवलेला दस्तऐवज वेगळा. मुळाची बरोबरी पहिल्यालाच आहे. खरेदीखताचा मोबाइलने काढलेला फोटो तुम्ही कुठेही ठेवा, तो फोटोच राहतो. अर्थात त्या फोटोला किंमत नाही असे मी म्हणत नाही. त्यावरचा दस्त क्रमांक वाचता आला तरी अर्धे काम होते, आणि मूळ दस्त नष्ट झाल्याचे दाखवता आले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० खाली दुय्यम पुरावा देता येतो. पण त्यासाठी मूळ दस्त होता, तो अमुक कारणाने गेला आणि ही प्रत त्याचीच आहे, हे दाखवावे लागते.

इथेच पंचनाम्याचा उपयोग होतो. पंचनाम्यात भांडी, धान्य, गुरे, भिंती लिहिल्या जातात, कागदपत्रे सहसा लिहिली जात नाहीत, कारण घरमालकाला त्या क्षणी ती सुचत नाहीत. ‘अमुक दस्त पाण्याने नष्ट झाले’ असे वाक्य आग्रहाने नोंदवून घ्यावे आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंदही करावी. पुढे प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील नोटीस वगैरे जे काही लागेल, त्याचा पाया या दोन कागदांवर उभा राहतो.

मृत्युपत्राबद्दल थोडे. त्याची नोंदणी बंधनकारक नाही, म्हणून बहुतेक जण करत नाहीत आणि तो कागद उशीखाली नाहीतर पोथीत राहतो. नोंदणी केली तर प्रत कार्यालयात राहते आणि मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत ती त्याच्याशिवाय किंवा त्याने नेमलेल्या माणसाशिवाय कोणाला मिळत नाही, त्यामुळे ‘भाऊबंदांना आधीच कळेल’ ही भीतीही निराधार आहे. तेही नको असेल तर मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देण्याची सोय नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. ही सोय वापरणारे फार थोडे दिसतात, आणि हे माझ्या धंद्याच्या दृष्टीने बरे असले तरी लोकांच्या दृष्टीने बरे नाही.

---

हर्णैबंदर | १० मे, पहाटे ५.३०

आमच्याकडे घराचे कागद आणि नौकेचे कागद असे दोन संसार असतात. नौकेचे नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, विमा, डिझेल कोट्याची कागदपत्रे आणि खलाशांची ओळखपत्रे गस्तीवरच्या अधिकाऱ्यांनी मागितली तर समुद्रातच दाखवावी लागतात. त्यामुळे ती केबिनमध्ये असतात आणि केबिनमध्ये कायम खारे पाणी उडते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका शाकारून किनाऱ्यावर येतात, तेव्हा हे कागद घरी येतात. पण ते घरही समुद्राला लागूनच असते.

मी वापरतो ती युक्ती अशी. चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड हात तुकडा घ्यायचा, एका टोकाला टोपी सोल्युशनने कायमची बसवायची, दुसऱ्या टोकाला आट्यांची टोपी. कागद गुंडाळून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत सरकवायचे. पाइप नारिंगी रंगवून त्यावर नौकेचे नाव घालायचे. तो तरंगतो, म्हणून त्याला दोरी बांधून केबिनच्या छताच्या बाजूला अडकवतो. घडी पडत नाही हाही फायदा आहे.

लोकांना वाटते की धोका जूनमध्ये असतो. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आले, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये आले आणि तौक्ते मे २०२१ मध्ये, म्हणजे तिन्ही वेळा मासेमारी चालू होती. वादळाचा इशारा मिळाला की आम्ही नौका आंजर्ल्याच्या खाडीत नेतो. नौका नांगरून तांडेल (नौकेचा प्रमुख) उतरतो तेव्हा पाइप त्याच्या हातात असलाच पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे. खलाशांमध्ये नेपाळचे आणि परराज्यांतील लोक असतात. त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि घरच्या माणसाचा फोन नंबर मालकाने किनाऱ्यावरही ठेवावा. दुर्घटना झाली तर त्या माणसाच्या घरच्यांना मदत मिळण्यात पहिली अडचण तीच येते.

---

पासबुक | १० मे, सकाळी ११.१०

बँकेत आयुष्य गेले, म्हणून लॉकरबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने लॉकरचे सुधारित नियम दिले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली अफरातफर यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. मात्र भूकंप, पूर, वीज, वादळ अशा नैसर्गिक आपत्तींत लॉकरमधील वस्तूंची हानी झाली तर, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसल्यास, बँक जबाबदार नसते. जागेची योग्य काळजी मात्र बँकेने घ्यायची असते.

याचा कोकणातील अर्थ साधा आहे. शाखा तळमजल्यावर आणि पूररेषेच्या आत असेल, तर लॉकरमध्ये ठेवलेला कागदसुद्धा पाणी न शिरणाऱ्या पाकिटातच ठेवला पाहिजे. लॉकर घेताना लोक भाडे विचारतात, मी मजला विचारायला सांगतो. शक्य असेल तर उंचावरच्या वस्तीतील किंवा दुसऱ्या गावातील शाखा निवडावी, जरी त्यासाठी वर्षातून दोनदा एसटीने जावे लागले तरी.

घरकर्जासाठी मूळ दस्त बँकेकडे असतील तर त्यांची नोंद विसरू नका. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने बंधनकारक आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बँकेकडून दस्त खराब झाले किंवा हरवले, तर प्रमाणित नकला मिळवण्यास मदत करणे आणि खर्च सोसणे हेही बँकेवरच आहे. हे १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहे.

मुदत ठेवीची पावती भिजली म्हणून ठेव बुडत नाही, हे घरातील बायामाणसांना मुद्दाम सांगा, नाहीतर त्या पाण्यात शिरून पावत्या काढायला बघतात. गावच्या पतसंस्थेची गोष्ट मात्र निराळी. पतसंस्थेच्या ठेवींना बँकांच्या ठेवींसारखे ठेव विम्याचे संरक्षण नसते, आणि तिचे दप्तर बऱ्याचदा तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच पाण्याच्या पातळीवर असते. तिथे तुमच्या हातातील पावती हाच तुमचा आधार, म्हणून ती दुसऱ्या गठ्ठ्यात, एकुलत्या एक कागदांबरोबर ठेवावी.

---

बोरू_आणि_शाई | १० मे, रात्री ८.४५

जुन्या कागदांच्या जतनाचे काम मी करते. वरच्या चर्चेत डबा, जागा, कायदा हे सगळे आले. कागद या वस्तूबद्दल थोडे लिहिते, कारण कोकणात पुरापेक्षा जास्त कागद दमट हवेने आणि वाळवीने खाल्ले आहेत.

पहिली विनंती, मूळ दस्त लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि पुराचे पाणी कडेच्या बारीक फटीतून आत शिरले की तिथेच कोंडून राहते. मग बाहेरून चकचकीत आणि आतून काळी बुरशी अशी अवस्था होते. स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या काढून टाका. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि नेमक्या सहीच्या जागी भोक पाडतात. सेलोटेपही नको, त्याचा चिकटा काही वर्षांनी कागदाला पिवळा डाग देतो.

दुसरे, कागद बंद करण्याची वेळ. जुलैत, भिंती ओल्या असताना, कागद हवाबंद डब्यात भरला तर ओल आतच राहते आणि डबा बुरशीची पेटी होतो. हे काम मे महिन्यात कोरड्या दुपारी करावे. कागद सावलीत, पंख्याखाली थोडा वेळ मोकळे ठेवावेत, घड्या उलगडाव्यात, प्रत्येक दस्त स्वच्छ पांढऱ्या कागदात ठेवून मग झिपच्या पिशवीत घालावा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. डांबराच्या गोळ्या कसरीला दूर ठेवतात, पण त्या कागदाला चिकटू देऊ नयेत. दसऱ्यानंतर डबा एकदा उघडून वारा द्यावा. डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच येतात.

तिसरे, प्रती कशा काढाव्यात. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची शाई पाण्याने सहसा फुटत नाही. घरगुती इंकजेट प्रिंटरची फुटते. एटीएमच्या आणि दुकानांच्या गुळगुळीत पावत्यांवरील अक्षरे तर नुसत्या उष्णतेने उडतात, त्यांची झेरॉक्स काढून ठेवा.

आता भिजलेल्या कागदांबद्दल. बुरशी साधारण ४८ तासांत धरू लागते, त्यामुळे वेळ महत्त्वाचा. ओला गठ्ठा सोडवण्याची घाई करू नका, ओला कागद बोटांनी ओढला की फाटतो. गठ्ठा जसा आहे तसा ताटात ठेवा, त्यावरचा चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच जाऊ द्या, मात्र शाई फुटत असेल तर पाणी लावू नका. मग कोरड्या सुती कापडात दाबून पाणी टिपा आणि कागद सुटे होऊ लागतील तसतसे मधे टिपकागद किंवा छपाई नसलेला न्यूजप्रिंट घालून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. एवढे कागद एका वेळी वाळवणे शक्य नसेल, तर वीज असलेल्या नातेवाइकाकडे पाठवून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगा. गोठलेल्या कागदात बुरशी वाढत नाही आणि नंतर थोडे थोडे काढून वाळवता येतात. हे ऐकून लोक हसतात, पण ग्रंथालयांतही हीच पद्धत वापरतात. पुराच्या पाण्यात गटार आणि गोठ्याचे पाणी मिसळलेले असते आणि आपल्याकडे पुरानंतर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची भीती असतेच, तेव्हा हातमोजे घालूनच कागदांना हात लावा.

मोडीतील कागद असतील तर ‘वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी’ समजून टाकून देऊ नका. वाटेचे, विहिरीचे, देवस्थानच्या जमिनीचे जुने हक्क त्यातच असतात. चांगल्या उजेडात, सावली न पडता, पाठपोट फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून निदान विषय काय आहे एवढे तरी लिहून घ्या.

---

चाकरमानी | ११ मे, सकाळी ९.३०

मोबाइलवरील स्कॅनबद्दलचा मुद्दा मान्य आहे. मग प्रती ठेवायच्या कोणाकडे? आमच्या घरात सामायिक जमिनीवरून बोलाचाली आहे. मुंबईत माझ्याकडे ठेवल्या तर गावच्या काकांना संशय, त्यांच्याकडे ठेवल्या तर इकडे संशय. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांसाठी टाकून द्याव्यात का?

---

माहेर_गुहागर | ११ मे, सकाळी १०.२५

गटावर आधार आणि पॅन टाकू नका, दादा. गटातील कोणाचा मोबाइल हरवला की तुमची कागदपत्रे त्याच्याबरोबर जातात. द्यायचेच असेल तर शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

आमच्या सासरीही भाऊबंदकी आहे आणि ती आमच्यापुरती सुटली ती अशी. सामायिक दस्तांच्या प्रमाणित नकला प्रत्येक शाखेने आपापल्या खर्चाने काढल्या, त्यामुळे मूळ कोणाकडे हा मुद्दाच मागे पडला. वैयक्तिक कागद ज्याचे त्याच्याकडे. त्यांच्या प्रतींचे पाकीट चिकटवून, कडेवर सही करून, नणंदेकडे ठेवले आहे. तिचे गाव घाटावर आहे, म्हणजे आमच्याकडे वादळ आले तरी तिच्याकडे येण्याचा संभव कमी.

मला मात्र एक वेगळीच गोष्ट बोचते. बहुतेक घरांत कागद कुठे आहेत हे एकट्या कर्त्या पुरुषाला माहीत असते. तो पाण्याच्या वेळी दुकानात किंवा समुद्रात असला, तर घरातील बाईला काय उचलायचे तेच कळत नाही. आमच्या बचत गटात आम्ही प्रत्येकीने एक पानाची यादी केली. कोणता कागद, कोणाच्या नावावर, क्रमांक काय, मूळ कुठे, प्रत कुठे. गटाचे इतिवृत्त, कर्जाची वही आणि प्रत्येकीचे पासबुक यांचेही तसेच. यादीचे एक पान पिठाच्या डब्याच्या झाकणात आतून लावले आहे आणि दुसरे डब्यात कागदांबरोबर. पासवर्ड मात्र यादीत लिहिलेले नाहीत.

सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी आणि चष्म्याचा नंबरही आम्ही त्याच डब्यात ठेवला आहे. वादळानंतर तालुक्याच्या गावात दुकान उघडले तरी औषधाचे नाव आठवत नाही, ही अडचण कागदांच्या चर्चेत कोणी धरत नाही.

---

वाशिष्ठीकाठ | ११ मे, रात्री ९.१५

वर-खाली हा वाद सुपारीबाग यांनी निकालात काढला, त्याबद्दल आभार. आमच्या आळीत आता लहान झाकणबंद डबा, मे महिन्यात भरायचा आणि दसऱ्याला उघडायचा, असे ठरते आहे. पूर येताना आमच्याकडे रात्री वीज जाते, म्हणून डब्यावर रात्री चमकणारी पट्टी चिकटवावी, अशी एका शेजाऱ्याची सूचना आहे आणि मला ती पटली.

फेरफार_क्रमांक यांना एक प्रश्न. आमच्या एका परिचितांचे ३२म प्रमाणपत्र २०२१ च्या पुरात गेले. त्यांच्याकडे फोटोसुद्धा नाही. सुरुवात कुठून करावी?

---

फेरफार_क्रमांक | १२ मे, सकाळी ६.५०

सुरुवात सातबाऱ्यावरूनच करावी. जमिनीचे जुने हस्तलिखित सातबारे पाहून कुळाचे नाव मालक म्हणून कोणत्या फेरफाराने लागले, तो क्रमांक शोधावा. त्या फेरफाराच्या मजकुरात बहुधा शेतजमीन न्यायाधिकरणाचा आदेश, त्याचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. तो फेरफार हाती आला की तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, आदेशाचा क्रमांक व तारीख घालून, ३२ग च्या (जमिनीची किंमत ठरवण्याच्या) प्रकरणाची आणि ३२म प्रमाणपत्राची नक्कल मिळावी असा अर्ज करावा. नुसते ‘आमचे प्रमाणपत्र पुरात गेले, दुसरे द्या’ असे लिहिले तर अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. पुराच्या वेळचा पंचनामा असेल तर त्याची प्रत जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

प्रमाणपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे झालेली असेल तर तिथूनही नक्कल मिळू शकते, तेव्हा त्या गावाची सूची त्या वर्षांपुरती पाहून घ्यावी. अर्ज याच महिन्यात द्यायला सांगा. जूनपासून कार्यालयातील माणसे आपत्ती नियंत्रणाच्या कामाला लागतात आणि अभिलेख कक्ष उघडायला कोणी मोकळा नसतो.